दगडूला दृष्ट लागली

माझ्याकडे सध्या एक्केचाळीस ड्रॅगन, दोन अंडी आणि एक कोंबडी आहे.

कोंबडीचं आधी सांगते. ‘ड्रॅगन केव्ह’ हा खेळ २००६ पासून इंटरनेटवर आहे. किनारा, वाळवंट, जंगल, ज्वालामुखी असे त्यात सहा प्रदेश. दर पाच मिनिटांनी नवी अंडी येतात, त्यातलं एक उचलायचं. आत कोण आहे ते सांगत नाहीत, एका ओळीचं वर्णन तेवढं देतात. त्यावरून जाणकार लोक जात ओळखतात. मी एक अंडं बाकीच्यांपेक्षा फारच लहान आहे, बिचारं, म्हणून उचललं. निघाली कोंबडी. कागदाचे ड्रॅगन निघतात, चीजचेसुद्धा निघतात, तिथे कोंबडीचं काय घेऊन बसलात!

अंडं घरी आणलं की सात दिवसांचं घड्याळ सुरू. तेवढ्यात पुरेशा लोकांनी त्याच्याकडे बघायला हवं, नाहीतर ते मरतं. खाऊ घालायचं नाही, ऊब द्यायची नाही, नुसतं चार लोकांनी येऊन बघून जायचं. म्हणून एकदा मी एका नव्या अंड्याची लिंक घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. पहिलं उत्तर आत्याचं : ‘आज संकष्टी आहे गं. अंडी कसली दाखवतेस?’ मग चुलतभावाने ती ऑफिसच्या ग्रुपवर ढकलली, तिथून कुठे कुठे गेली देव जाणे. रात्री बघते तर अंडं आजारी. कोवळ्या अंड्याकडे एकदम फार जणांनी बघितलं तर तेही त्याला सोसत नाही.

आई शेंगा सोलत होती. तिला सांगितलं, तर मान वर न करता म्हणाली, “दृष्ट लागली.”

मी हसले. मग हसू थांबलं, कारण खेळात यावर उपायही आहे. एक बटण दाबलं की अंड्यावर धुकं पसरतं आणि ते कुणालाच दिसत नाही. हा खेळ रचणाऱ्यावरून कुणी कधी मीठ-मोहऱ्या उतरवल्या असतील असं वाटत नाही, तरी तीट लावायचं त्याला बरोबर सुचलं. पण धुक्यातही घड्याळ चालूच असतं. आमच्याकडे बाळंतिणीच्या खोलीचं दार सव्वा महिना लोटलेलं असायचं आणि तरी बाळ बघायला कोण कोण आलं नाही, याचाही हिशेब व्हायचा, तसंच.

दोन दिवस झाकून ठेवलं, मग हळूच उघडलं. शेवटी कवचाला तडा गेला आणि चिमुकलं तोंड बाहेर आलं. इथे आणखी एक सोय आहे. पिल्लाला गोठवून टाकलं की ते मोठं होतच नाही, जन्मभर पिल्लूच राहतं. माझं बोट तिथवर गेलं होतं, खोटं कशाला बोलू?

राहिलं बारसं. नाव साऱ्या खेळात दुसऱ्या कुणाचं असून चालत नाही. इंग्रजी, संस्कृत, भारदस्त अशी सहा-सात टाकून बघितली, सगळी गेलेली.

“दगडू ठेव,” आई म्हणाली. “पोर जगावं म्हणून ठेवायचे पूर्वी.”

दगडू मिळालं.