ऑन-कॉल इंजिन बॉस: टाकीतल्या पाण्याचा हिशेब

अमेरिकेत वणव्यासाठी बोलावण्यावर जाणाऱ्या इंजिन बॉसची (पाण्याची टाकी आणि पंप असलेल्या अग्निशामक गाडीच्या, म्हणजे ‘इंजिना’च्या, क्रूच्या प्रमुखाची) खरी अडचण म्हणजे क्रू बहुतेकदा अनोळखी असतो. म्हणून निघण्याआधीच गाडी कोण चालवणार, पंपावर कोण, नॉझलवर कोण हे ठरवून टाका. टेहळणी, संपर्क, सुटकेच्या वाटा, सुरक्षित जागा हे चारही मुद्दे प्रत्येकाकडून तोंडी वदवून घ्या. नुसत्या माना डोलवण्यावर विसंबू नका.

टाइप 6 इंजिनात (वणव्यासाठीची लहान, हलकी गाडी) किमान 150 गॅलन पाणी असतं आणि पंप 100 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाबाला मिनिटाला किमान 50 गॅलन देतो. पूर्ण सोडलं तर तीन मिनिटांत टाकी कोरडी! शेवटचं 10 टक्के पाणी क्रूच्या बचावासाठी राखून ठेवायचं, त्यात तडजोड नाही.

चढावर दर 10 फुटांमागे साधारण 5 पीएसआय दाब घटतो, होजमधलं (पाण्याच्या नळीतलं) घर्षण वेगळंच. नॉझल 100 फूट वर असेल तर पंपावर तेवढी भर घालावीच लागते.

तलावातून पाणी उचलताना पंप प्राइम होत नसेल (आतली हवा निघून पाण्याने भरत नसेल) तर आधी सक्शन होजच्या कपलिंगमधलं गॅस्केट बघा. ते चिरलेलं असलं किंवा त्यात वाळूचा कण अडकला असला तरी हवा शिरते. गाळणी उथळ पाण्यात असली तर भोवरा होऊनही हवा ओढली जाते.

गाडी नेहमी सुटकेच्या दिशेला तोंड करून, चाकांना अडण लावून उभी करा. गाडीचं इंजिन चालू, काचा बंद.