अलास्काच्या बोटीवर दोघांचं टेबल

यांना डाव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही. आठ जणांच्या गोल टेबलावर बसवलं की पहिली पाच मिनिटं हसून मान हलवतात, मग खाली ताटात बघून जेवतात. म्हणून मुलाने जूनमधली सिएटलहून निघणारी सात रात्रींची अलास्का क्रूझ ठरवली तेव्हा मी त्याला एवढंच म्हटलं, खोली बिनखिडकीची असली तरी चालेल, जेवायला आम्हा दोघांना वेगळं टेबल बघ. त्याने बुकिंगमध्ये तसं लिहिलं, पलीकडून 'रिक्वेस्ट नोटेड' आलं आणि आम्ही निर्धास्त झालो. नोटेड म्हणजे कन्फर्म नव्हे, हे जन्मभर रेल्वेची वेटिंग लिस्ट बघितलेल्या बाईला कळायला हवं होतं.

जाणाऱ्यांनी आधी बोटीवरच्या जेवणाच्या दोन पद्धती समजून घ्या. एक ठरलेल्या वेळेची: पहिली पंगत संध्याकाळी साडेपाचच्या आसपास, दुसरी आठच्या आसपास. टेबल आणि वाढणारे सातही रात्री तेच. दुसरी पद्धत म्हणजे हवं तेव्हा या, जे रिकामं असेल तिथे बसा. तिला प्रत्येक कंपनीने वेगळं नाव दिलंय, कुठे 'माय टाइम', कुठे 'एनीटाइम'. नॉर्वेजियन क्रूझ लाइन या कंपनीने तर २००० सालापासून ठरलेली पंगत मोडीतच काढली. आम्ही दुसरी पद्धत घेतली होती, कारण त्यात दोघांची टेबलं जास्त असतात असं ऐकलं होतं. ते खरंही आहे. पण ती टेबलं कशी असतात ते कुणी सांगितलं नव्हतं.

पहिल्या रात्री सात वाजता गेलो. वीस मिनिटं थांबून टेबल मिळालं, अगदी दोघांचंच. फक्त तशी सहा टेबलं भिंतीलगत एका रांगेत होती आणि दोन टेबलांमध्ये जेमतेम वीतभर जागा. भिंतीकडे सगळ्यांना मिळून एकच लांब गादी. मी आत सरकले तेव्हा शेजारच्या बाईंनी आपला पाण्याचा ग्लास हाताने धरून ठेवला. डोंबिवली लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसलेल्यांना जास्त सांगायला नको.

आमचा खांदा लागून बसलेलं जोडपं टेक्सासचं. त्या गृहस्थांनी आपल्या बायकोला विचारलं, कोळंबी मागवून अर्धी-अर्धी करायची का? यांना वाटलं, प्रश्न आपल्यालाच आहे. हे मोठ्याने म्हणाले, "नो थँक यू, वुई आर व्हेजिटेरियन." रांगेतली सहाही टेबलं हसली. माणसं फार सज्जन होती, गोड येईपर्यंत त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची आम्हाला संपूर्ण माहिती झाली. पण मला माझ्या नवऱ्याशी जे बोलायचं होतं ते मी खोलीत जाऊन बोलले.

आमचा वाढपी गोव्याचा निघाला, म्हापशाकडचा. आम्ही मराठीत बोलतोय हे ऐकून त्याने पाणी ओतता ओतता हळूच सांगितलं, "मॅडम, टेबल फॉर टू मागितलं की हेच मिळणार. चौघांचं टेबल दोघांना लावून मागा. आणि कानाचं सांगा, लाजू नका." हा सल्ला इथे ठळक अक्षरांत लिहायला हवा.

दुसऱ्या दिवशी बोट दिवसभर समुद्रात होती. दुपारी डायनिंग रूमच्या प्रमुखाला गाठलं. त्याला बोटीवर मेत्र डी म्हणतात. बदल करून घ्यायचे तर ही मंडळी बहुतेक बोटींवर पहिल्याच दुपारी तास-दोन तास डायनिंग रूमच्या दाराशी बसतात. वेळ त्या दिवशीच्या कार्यक्रमपत्रिकेत किंवा ॲपवर असते. बोटीवर चढल्याचढल्या सगळे बुफेकडे धावतात, तुम्ही आधी इथे जा. आम्ही एक दिवस उशिरा गेलो तरी काम झालं, आणि उशिराचा एक फायदाही कळला. ठरलेल्या पंगतीतले काही लोक पहिल्या रात्री येतच नाहीत, काही बुफेवरच खुश असतात. त्यामुळे कुठलं टेबल खरोखर रिकामं आहे हे दुसऱ्या दिवशीच त्याला नीट कळतं.

त्याच्यासमोर कागदावर अख्ख्या डायनिंग रूमचा नकाशा होता. गोल, चौकोन, त्यात पेन्सिलने आकडे. त्याने आधी एका खिडकीजवळच्या छोट्या चौकोनावर पेन्सिल ठेवली. मी म्हटलं, खिडकी नको, यांच्या डाव्या बाजूला भिंत हवी आणि उजव्या बाजूला मी. त्याने पहिल्यांदाच मान वर करून आमच्याकडे बघितलं. मग खोडरबर घेतलं, आम्हाला आठच्या पंगतीत घातलं आणि मागच्या बाजूला खांबाआडचं चौघांचं टेबल दिलं, दोन जणांची मांडणी काढून.

दोघांच्या टेबलाला समोरासमोर बसण्यावाचून गत्यंतर नसतं. बोलणं टेबलाच्या त्या टोकाहून येतं आणि मधल्या गोंगाटात हरवतं. चौघांच्या टेबलावर काटकोनात बसता येतं. माझं तोंड यांच्या उजव्या कानापासून हातभर अंतरावर. पहिल्याच दिवशी यांनी मला विचारलं, "अगं, तू ओरडत का नाहीयेस आज?"

टेबलात दोष होतेच. पाठीमागे वाढप्यांचं कपाट, त्यामुळे चमच्यांचा खणखणाट. बोटीच्या मागच्या टोकाला असल्याने वेग वाढला की ग्लासातलं पाणी थरथरायचं. बोट लागण्याचा त्रास असणाऱ्यांनी टेबल मधल्या भागात आणि खालच्या मजल्यावर मागावं. आठची पंगत मात्र अलास्कात सोयीची पडते. सफरी करून यायला वेळ मिळतो, आणि जूनमध्ये अलास्काच्या राजधानीत, जुनोला, सूर्य रात्री दहाच्या सुमाराला मावळतो, त्यामुळे जेवताना बाहेर अंधार नसतो. लवकर जेवायची सवय असेल तर चारला काहीतरी खाऊन घ्या.

ठरलेल्या वेळेत अडकायचं नसेल तर दार उघडताच किंवा आठनंतर जा, साडेसहा ते साडेसातची गर्दी टाळा. ॲपवर वेळ राखता येत असेल तर घरूनच सगळ्या रात्रींची राखा. एखादं टेबल आवडलं तर त्याचा नंबर लक्षात ठेवून दुसऱ्या दिवशी तेच मागा. नोटा सरकवायची गरज नाही. माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर टिप बिलात आपोआप लागते. आम्ही गोव्याच्या पोराला शेवटच्या रात्री पाकीट दिलं ते वेगळं. जास्तीचे पैसे भरायची रेस्टॉरंटं शांत असतात, पण माणशी चाळीस-पन्नास डॉलर देऊन पनीर नसलेल्या स्टेकहाउसमध्ये आपण काय खाणार?

शाकाहारी जेवणाचं बुकिंगच्या वेळी कळवाच, शिवाय हेड वेटरला रोज आदल्या रात्री पुढच्या दिवसाचं सांगा. आमची डाळ तिसऱ्या दिवसापासून डाळीसारखी लागायला लागली. आणि व्हिसा: या बोटी वाटेत बहुधा कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात, भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा आणि अमेरिकेचा मल्टिपल एंट्री व्हिसा दोन्ही हवेत.

सकाळच्या नाश्त्याला आणि दुपारी वेगळीच तऱ्हा. तिथे टेबलं राखलेली नसतात आणि येईल त्याला सरळ आठ जणांच्या गोल टेबलावर बसवतात. दारातच सांगायचं, आम्ही दोघंच बसू, थांबायची तयारी आहे. दहा मिनिटांत सोय होते. ग्लेशियर बे या हिमनद्यांच्या खाडीत गेलो त्या दिवशी तर थांबावंही लागलं नाही. मार्जरी हिमनदीसमोर बोट तासभर उभी होती तेव्हा आम्हीही सगळ्यांसारखे डेकवर कुडकुडत होतो. बोट वळल्यावर खाली आलो तर डायनिंग रूम जवळजवळ मोकळी, बाकीचे अजून वरच. खिडकीजवळचं सहा जणांचं टेबल आम्हा दोघांना मिळालं. बाहेरून बर्फाचे तुकडे मागे जात होते, आणि हे टोमॅटो सूप पीत मला सांगत होते की हिमनदीचा कडा कोसळला तेव्हाचा आवाज त्यांना डाव्या कानानेही ऐकू आला.