पाय जळतात, मन नव्हे

इस्पितळातल्या औषधांच्या खिडकीवरच्या बाईने केसपेपर माझ्याकडे परत सरकवला. "बाब, ही मानसिक विभागाची गोळी. हांगा मेळना, थंय वचात." म्हणजे इथे मिळत नाही, तिकडे जा. मी म्हटले, मन ठणठणीत आहे, जळतात ते पाय. रांगेतल्या दोघांनी वळून मला नीट न्याहाळले.

मधुमेह चौदा वर्षांचा. रात्री तळपायांना चादर लागली तरी तव्यावर पाय ठेवल्यासारखे व्हायचे. आधी अ‍ॅमिट्रिप्टिलिन मिळाली, रात्री 10 मिलिग्रॅम. नैराश्याला लागते त्याच्या कितीतरी कमी. झोप लागली, आगही निवली. 25 केल्यावर मात्र तोंडाला कोरड, बद्धकोष्ठ आणि लघवी अडू लागली. प्रोस्टेट वाढलेय हे मी लाजून सांगितलेच नव्हते. तुम्ही सांगा. मग ड्युलोक्सेटिन, तीही मुळात नैराश्यावरची, 30 वरून 60. आठवडाभर मळमळ, जेवून घेतली की कमी. घामही वाढतो म्हणतात, पण फोंड्यात मे महिन्यात तो कुणाच्या लक्षात येणार! आराम पडायला तीनेक आठवडे गेले.

सहा महिन्यांनी चिठ्ठी संपली आणि आमचे डॉक्टर रजेवर. त्यांच्या जागचा पोरगेला डॉक्टर म्हणाला, ही डिप्रेशनची गोळी, मानसिक विभागातून लिहून आणा. तिथे नवा टोकन, दोन तास. उत्तर मिळाले, तुम्ही आमचे पेशंट नाही, ज्यांनी सुरू केली तेच लिहितील. परत पहिल्या इमारतीत आलो तर खिडकी बंद, जेवणाची सुट्टी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, फक्त पाऊस जास्त. मग चतुर्थी आली, तिला जोडून शनिवार-रविवार. फार्मसीवाला जुन्या चिठ्ठीवर देईना. त्याचे बरोबरच होते, पण तेव्हा मी त्याला काय नाही ते बोललो.

चार दिवस गोळी नाही. डोळे फिरवले की डोक्यात विजेचा झटका. माटोळी, म्हणजे गणपतीवरचे फळापानांचे छत, बांधायला स्टुलावर चढलो आणि मुलाने धरले म्हणून वाचलो. ही गोळी एकदम तोडायची नसते, हळूहळू उतरवायची असते, हे असे शिकलो. वहिनी मायेने आपली नैराश्यावरची गोळी, एस्सिटालोप्रॅम, देत होती. घेतली नाही ते बरे. डॉक्टरांनी नंतर सांगितले, ती मुख्यतः सेरोटोनिन हे मेंदूतले रसायन वाढवते, दुखण्यावर तिचा भरवसा कमी. ड्युलोक्सेटिन नॉरअ‍ॅड्रेनालिन हे दुसरे रसायनही वाढवते, म्हणून मज्जारज्जूतून वर जाणारी कळ दबते. डोस वाढवा म्हणालो, तर म्हणाले, 2023 च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक अभ्यास एकत्र तपासले त्यात, 60 च्या वर जास्त फायदा दिसला नाही.

रजेवरून आलेल्या त्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत चिठ्ठी दिली. गोळीच्या नावाशेजारी "मधुमेही नसदुखीसाठी" एवढे लिहिले आणि खिडकीवर शिक्का बसला. तेवढे पहिल्याच दिवशी लिहून घ्या.

हो, कॅप्सूल फोडून दुधात घालू नका. आतल्या दाण्यांना आवरण असते. आणि दुसऱ्या डॉक्टरांनी ट्रामाडॉल ही दुखण्यावरची गोळी लिहिली, तर ही गोळी चालू असल्याचे त्यांना आधी सांगा.