जोडाक्षराचा आवाज

४ मे, रात्र

ठरवले होते ८७ स्विच, झाले ४१. डायनिंग टेबलावर कालचा पेपर पसरलेला, शेजारी टेबललॅम्प, हातात शून्य नंबरचा ब्रश. ब्रश घेताना दुकानदाराने विचारलं होतं, "वॉटरकलरसाठी का?" मी हो म्हणून मोकळी झाले. कीबोर्डच्या स्प्रिंगांना ग्रीस लावायचंय, हे काउंटरवर उभं राहून कोण समजावत बसणार?

एक स्विच म्हणजे कीबोर्डच्या प्रत्येक बटणाखालची बोराएवढी चौकोनी डबी. चारी कोपऱ्यांच्या खुंट्या एकदम दाबल्या की झाकण सुटतं. आत एक रंगीत दांडी, तिच्याखाली स्प्रिंग, बाजूला तांब्याची पातळ पट्टी. दांडी खाली गेली की पट्टीची दोन टोकं जुळतात आणि पडद्यावर अक्षर उमटतं. बस, एवढंच यंत्र. दांडीच्या दोन्ही बाजूंना आणि डबीच्या आतल्या रुळांवर ग्रीस फिरवायचं, म्हणजे बटण गुळगुळीत चालतं. ते क्रायटॉक्स २०५जी० नावाचं असतं, डबीत थिजलेल्या तुपासारखं दिसतं आणि तुपापेक्षा फारच महाग. इतकं कमी लावायचं की लावलंय हे दिसता कामा नये. जास्त झालं तर बटण चिखलातून पाय उपसावा तसं वर येतं. पहिले सहा असेच बिघडवले आणि पुसून परत केले.

नवरा पाणी प्यायला उठला, दोन मिनिटं बघत राहिला. "शिलाई मशीनला आठ वर्षांत तेल घातलं नाहीस तू," एवढंच म्हणाला आणि झोपायला गेला. खरंच नाही घातलं.

सुरुवात कुठून झाली ते लिहून ठेवते, नाहीतर पुढे मलाच आठवायचं नाही. एका सहकारी बँकेत नोकरी होती तेव्हा समोर टीव्हीएस गोल्ड असायचा. काळा, जड, चुकून कुणाच्या पायावर पडला तर कीबोर्डला काही होणार नाही असा. बँकेत, कोर्टात, रेल्वेच्या रिझर्व्हेशनच्या खिडकीमागे आपण सगळ्यांनी तो ऐकलेला आहे. आत जर्मनीतल्या चेरी कंपनीचे निळे स्विच. निळ्या दांडीभोवती एक पांढरा सुटा तुकडा असतो, तो अर्ध्या वाटेवर निसटून खाली आपटतो. तोच तो टिक. नोकरी सोडताना भंगारात निघालेला एक मी दीडशे रुपयांत घरी आणला. तेव्हा छंद वगैरे काही डोक्यात नव्हतं, फक्त सवय सुटवत नव्हती.

घरी भाषांतराचं काम सुरू झालं. निम्मं काम रात्रीचं. डोंबिवलीच्या वन बीएचकेत निळे स्विच रात्री साडेबाराला वाजतात तेव्हा ते फक्त आपल्या घरापुरते वाजत नाहीत. खालच्या काकू एकदा लिफ्टमध्ये भेटल्या. "तुमच्याकडे रात्री खलबत्ता चालतो का हो?" त्या दिवसापासून मी दुसरा कीबोर्ड शोधायला लागले. आणि शोध संपायच्या ऐवजी हे असं टेबलभर पसरून बसण्यापर्यंत आला.

११ मे

जुन्या फोटोंमध्ये पहिल्या खरेदीचा दिवस सापडला. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरले होते, तिथून चालत लॅमिंग्टन रोड. तिसऱ्या दुकानात एक मुलगा म्हणाला, "गेमिंगसाठी ना मॅडम? भाऊ आहे का, मुलगा?" मी म्हटलं, मला मराठी टाइप करायचंय. त्याने गंमत केल्यासारखं हसून लाल, हिरवे, निळे दिवे लागणारा एक पुढे सरकवला. दिव्यांखाली सगळी अक्षरं इंग्रजी.

तो घेतला नाही. पण तिथेच एक अॅक्रिलिकची पट्टी मिळाली, नऊ नमुन्याचे स्विच बसवलेली. ती घरात टीव्हीसमोर महिनाभर पडून होती आणि येणारा-जाणारा प्रत्येकजण टिकटिक करून जायचा. लाल स्विच सरळ खाली जातो, वाटेत काही अडत नाही, ४५ ग्रॅमच्या आसपास जोर लागतो. तपकिरी मध्ये किंचित अडखळतो, उंबरठ्याला पाय लागावा तसा. निळा अडखळतो आणि ते ओरडून सांगतो. चेरीने या घडणीचे स्विच काढले १९८० च्या दशकात, तपकिरी आणि लाल रंग नंतर आले. पुढे पेटंटची मुदत संपली आणि गेटरॉन, आउटेमू अशा चिनी कंपन्यांनी त्याच घडणीचे स्विच काढले, म्हणून आज माझ्यासारखीला नगाला पंचवीस-तीस रुपयांत ते परवडतात. सासूबाईंना निळा आवडला. "हा बरा, कळतं तरी दाबल्याचं."

मी लाल घेतले. गप्प बसणारे म्हणून. आणि तिथेच फसले.

या छंदातली माणसं कुठला स्विच कसा वाटतो यावर पानंच्या पानं लिहितात, तास-तास बोलतात. ते सगळं इंग्रजी टाइप करणाऱ्या बोटांचं. माझी बोटं वेगळीच कसरत करतात हे माझ्या लक्षात यायला वर्ष गेलं. टायपिंग क्लासला मराठी ३० केलं ते रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या मांडणीवर. बँकेत आल्यावर इनस्क्रिप्ट शिकले. पुण्याच्या सी-डॅकशी जोडलेली ही मांडणी १९९१ साली भारतीय मानक झाली, आणि ती ज्यांनी बसवली त्यांनी वर्णमाला समोर ठेवूनच बसवली असणार. काना, मात्रा, वेलांट्या, उकार डाव्या हाताला. क, च, ट, त, प आणि बरीचशी व्यंजनं उजव्या. ‘काका’ लिहिताना उजवा-डावा, उजवा-डावा, दोन हातांनी ढोलकी वाजवावी तसं. ‘परत’, ‘गरज’ हे नुसते उजव्याचे. पण जागा पुरली नाही म्हणून म, न, व डाव्या हाताच्या खालच्या ओळीत गेले, आणि त्या बिचाऱ्या हातावर मात्रांचा भार आधीच होता. ‘विमान’ लिहून बघा. अख्खं विमान डावा हात एकटा उडवतो. ‘नवीन’सुद्धा.

त्यात शिफ्ट. ख, घ, छ, झ, ठ, ढ, थ, ध, फ, भ, सगळे महाप्राण शिफ्टसकट. प्राण जास्त तर करंगळीचा जोरही जास्त, हिशेब बरोबर आहे. ण, ळ, श पण शिफ्टने. ‘आणि’ हा शब्द दिवसातून किती वेळा येतो? त्यात लागोपाठ दोन शिफ्ट. इंग्रजी लिहिणाऱ्याची करंगळी वाक्याच्या सुरुवातीला एकदा कामाला लागते आणि मग पूर्णविरामापर्यंत आराम करते. माझी दिवसभर राबते.

म्हणून करंगळीखालच्या स्विचांमध्ये मी ३५ ग्रॅमच्या हलक्या स्प्रिंगा घातल्या. आणि कॅप्स लॉक काढून टाकलं. मराठीला कॅपिटल अक्षरंच नाहीत, मग एवढं रुंद बटण डाव्या करंगळीच्या शेजारी अडवून का ठेवायचं? कीबोर्डच्या आतल्या प्रोग्रॅममध्ये जाऊन त्याचंही शिफ्ट केलं. पाच मिनिटांचं काम. मनगटाचं दुखणं निम्मं कमी झालं, हे डॉक्टरांना सांगितलं तर ते नुसते "अच्छा" म्हणाले.

कीकॅप, म्हणजे बटणांवरच्या टोप्या, कोऱ्या आहेत, एकही अक्षर नाही. परदेशातून मागवल्या, ग्रुप बायमध्ये. म्हणजे आधी सगळ्यांनी पैसे भरायचे, मग कारखाना बनवणार. गणपतीत पैसे भरले, दुसरे गणपती विसर्जन होऊन गेले तेव्हा खोकं आलं, वर कस्टम ड्युटी. मधल्या काळात मी त्या विसरूनच गेले होते, त्यामुळे कुणीतरी भेट पाठवल्यासारखं वाटलं. भाचा म्हणतो, "मावशी, कोऱ्या कीबोर्डवर पासवर्ड कसा टाकायचा?" त्याला बसवून ठेवते आणि मजा बघते.

१९ मे

आज फजिती. सगळे ८७ जागेवर बसवले, जोडलं आणि पहिलं वाक्य लिहिलं. ‘नवीन’ लिहायला गेले तर ‘वी’. ‘नाही’ लिहिलं तर ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ आणि त्याला लटकलेला काना. ‘न’ गेला होता. मराठीत ‘न’ नसला की काय उरतं ते अर्धा तास बघितलं, कारण आधी मला वाटलं सॉफ्टवेअरच बिघडलंय.

स्विच उपटून पाहिला. दोन पायांतला एक आत जायच्या ऐवजी दुमडून चपटा झालेला. घाईत अंगठ्याने दाबला होता, सरळ बघून बसवला नव्हता. भुवयांच्या चिमट्याने पाय सरळ केला, परत बसवला. ‘न’ आला. चिमटा ड्रॉवरमध्ये परत ठेवायचा राहिला, त्यावरून सकाळी बोलणी खायची आहेत.

स्पेसबारची खडखड अजून आहे. तिच्या खालच्या तारेशी बँड-एडचा तुकडा चिकटवला. हा खरोखरच या छंदातला मान्यताप्राप्त उपाय आहे, मी शोधून काढलेला नाही.

२८ मे

लालांचा एक त्रास राहिला होता. इतके हलके की मी बटण दाबलं की नाही, हे बोटाला समजत नाही. इतर अक्षरांचं चालतं. पण हलंत, म्हणजे अक्षराचा पाय मोडणारी खूण, चुकला की जोडाक्षर फुटतं, ‘कार्य’चं ‘कारय’ होतं, आणि माझ्या कामात नव्वद टक्के दुरुस्त्या याच. हलंताचं बटण म्हणजे इंग्रजी डीच्या जागचं, डाव्या हाताच्या मधल्या बोटाखाली. काल रात्री तेवढा एक स्विच बदलला. लाल काढून तिथे एक जाडजूड अडखळणारा बसवला, त्याला ग्रीसही जेमतेम. बाकी ८६ गुळगुळीत, हा एक उंबरठा.

ज्यांना या गोष्टीतलं कळतं ते हसतील. एकाच कीबोर्डवर आवाज सारखा हवा, हा पहिला धडा. माझ्या कीबोर्डवर आता सगळीकडे मऊ टप टप आणि हलंताला ठक.

पण त्यामुळे एक वेगळीच गोष्ट झाली. आज दुपारी एका शासकीय परिपत्रकाचं काम होतं. ‘प्राधिकाऱ्याच्या पूर्वमान्यतेशिवाय’. दोन शब्दांत पाच ठक. मोजले. परिच्छेदभर तेच, सुतारकाम चालल्यासारखं. संध्याकाळी एका कथेचं टंकन घेतलं, त्यात दोन बायका बोलतात. "कधी आलीस? बस. चहा टाकते." एकही नाही. नुसती टप टप, पावसाची सुरुवात झाल्यासारखी. मी डोळे मिटून बसले आणि मागच्या आठवड्याच्या दोन-तीन फायली नुसत्या आवाजाने ऐकून बघितल्या, म्हणजे परत टाइप केल्या. मजकूर कुठला आहे ते न वाचता कळत होतं.

गणित काटेकोर नाही. घरगुती बोलण्यातही ‘माझ्या’, ‘त्याच्या’ येतातच आणि ठक होतो. ‘अ’ त्याच बटणावर शिफ्टने येतो, म्हणजे ‘अगं’लाही ठक. उलट क्ष, ज्ञ, त्र, श्र वर आकड्यांच्या ओळीत आयते मिळतात, ते मुकाट निघून जातात. पण ढोबळपणे कळतं. दहा वर्षं मी कागदपत्रांना "जड मराठी" म्हणत आले, ते वजन आज पहिल्यांदा कानावर आलं.

आता हा आवाज ऐकल्यावर परिपत्रक लिहिताना हात आपोआप सोपा शब्द शोधतो. ‘अन्वये’च्या जागी ‘नुसार’ लिहिलं. उद्या ते नापसंत होऊन परत येईल. येऊ दे.

७ जून

पाऊस अजून नाही, उकाडा भयंकर. सासूबाईंनी नणंदेसाठी लोणच्याची कृती लिहून पाठवायला सांगितली. मी म्हटलं, आई, फोनवर बोलून पाठवा की. "ती ऐकत नाही पूर्ण. लिहिलेलं बरं." खुर्ची ओढून शेजारी बसल्या, एकेक वाक्य सांगायला लागल्या.

कैऱ्या दोन किलो. (ठक.) धुवून, पुसून, फोडी कर. मीठ, हळद लावून रात्रभर ठेव. मोहरीची डाळ पाव किलो, मेथी, हिंग. तेल गरम करून गार कर. टप टप टप टप, बराच वेळ नुसतं तेच. बरणी कोरडी हवी. झाकण घट्ट लाव. (ठक.)

आईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"हे मघाशी कैऱ्यांना वाजलं, तेच ना?"

मी थक्क. म्हटलं, हो, जोडाक्षर आलं की वाजतं.

थोडा वेळ बटणांकडे बघत राहिल्या. "आणि तेल फोडींवर चार बोटं, हे लिही. दरवर्षी कमी घालते आणि बुरशी आली म्हणून मला फोन करते. ते वाजेल का?"

मनातल्या मनात शब्द चालवून बघितला. "नाही आई, ते नाही वाजणार."

"मग ते ठळक कर."