तुम्ही विचारलंत म्हणून: इन्सुलिन बंद का केलं होतं?

बंद केलं नव्हतं. हे आधी लिहून टाकते, कारण मावसबहिणीपासून प्रत्येक नव्या डॉक्टरपर्यंत सगळे एकच विचारतात, "एवढी शिकलेली तू, इन्सुलिन बंद का केलं होतंस?" जुन्या केसपेपरवर तसं लिहिलंय. लिहिलं तेव्हा मी शुद्धीवर नव्हते, नाहीतर तिथेच खोडायला लावलं असतं.

2003 चा मे. मी 17 वर्षांची, टाइप 1 डायबेटीस निघून पाच वर्षं झालेली. यात अंगात इन्सुलिन तयारच होत नाही, ते रोज टोचून घ्यावं लागतं. आई विड्या वळायची. वडील कापडाच्या मागावर कामाला, आणि कारखाना त्या महिन्यात निम्मे दिवस बंद. एका बाटलीत 400 युनिट, मला दिवसाला 40 लागायचे. म्हणजे दहा दिवसांना एक बाटली, आणि एक बाटली म्हणजे आईच्या तीन दिवसांच्या विड्या. मी 36 घ्यायचे, कधी 32. हे डॉक्टरांना सांगायचं नसतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आपोआप येतं. इन्सुलिन शोधणाऱ्यांनी 1923 साली एकेक डॉलर घेऊन पेटंट टोरांटोच्या विद्यापीठाला देऊन टाकलं, हे पुढे कधीतरी वाचलं. आधी फार बरं वाटलं, मग राग आला.

आमच्याकडे फ्रीज नव्हता. घर सोलापूरच्या पूर्व भागात, वर पत्रा. तिथला मे तुम्हाला सांगायला नको. थंडीत मडक्यावर भागायचं, उन्हाळ्यात बाटली शेजारच्या अक्कांच्या फ्रीजमध्ये. सकाळ-संध्याकाळ दार वाजवायचं. अक्का कधी नाही म्हणाल्या नाहीत. पण त्यांच्याकडे पाहुणे असले की चप्पल काढावी की दारातूनच हात पुढे करावा, हे ठरवायला मला वेळ लागायचा.

त्या सकाळी अक्कांनी बाटली दिली ती दगडासारखी. "लाइट सारखी जातीय बघ, म्हणून वर बर्फाच्या कप्प्यात ठेवली. थंडच पाहिजे ना गं?" बाटली नवी होती, आदल्या दिवशीच उघडलेली.

घरी आणून पाण्यात ठेवली, वितळली. मी घ्यायचे ते इन्सुलिन मुळात गढूळच असतं. बाटली तळहातात हलकेच घोळवली की सगळं सारखं दुधाळ होतं. मी घोळवली. परत घोळवली. नासलेल्या दुधासारखे बारीक कण तळाला तसेच, काही काचेला चिकटलेले. गोठलेलं इन्सुलिन वापरायचं नाही, हे बाटलीबरोबरच्या कागदावर लिहिलेलं असतं आणि मी तो कागद वाचणारी मुलगी होते. आई विड्या द्यायला जायची तेव्हा तपासणारा सैल, वाकडी विडी दिसली की छाटमध्ये टाकायचा. ही बाटलीही छाटच होती. मी तिच्यातूनच सिरिंज भरली.

का? अक्कांना वाईट वाटलं असतं, कदाचित पुन्हा फ्रीज मागायची सोय राहिली नसती. आईला सांगितलं असतं तर ती एक शब्द बोलली नसती, नुसती रात्री उशिरापर्यंत मांडीवर सूप घेऊन बसली असती. ही दोन कारणं मी इतकी वर्षं देत आलेय आणि ती खोटी नाहीत. पण कंटाळाही आला होता. कणांच्या वरच्या पाण्यात थोडं औषध असेलच, असं मनाला सांगणं सोपं गेलं. आता त्या 17 वर्षांच्या मुलीला मी म्हणते, अगं, अजून एक दार वाजवलं असतंस तर? ती म्हणते, दारंच तर वाजवत होते.

तिसऱ्या दिवशी तहान भागेना. चौथ्या दिवशी उलट्या. आई म्हणाली, ऊन लागलं. तिनं कैरी उकडली, गूळ कालवला आणि पन्ह्याचा पेला माझ्या तोंडाला लावला. "पी बाळा, गार वाटंल." मला कळत होतं. रक्तात आधीच साखर मावत नव्हती, त्यात हा गूळ. तरी प्यायले, दोन पेले. घसा कोरडा पडला होता आणि ते छान लागत होतं, खोटं कशाला सांगू. संध्याकाळी धाप लागली. तोंडाला सडक्या फळासारखा वास येतोय हे आधी अक्कांच्या लक्षात आलं. रिक्षाही त्यांनीच आणली. मग सलाईन, इन्सुलिन, आणि केसपेपरवरची ती ओळ.

तिथं वॉर्डात कुणीतरी आईला म्हणालं, "शुगरच्या पोरीला गूळ पाजलात?"

आता फ्रीज आहे. सोलापूरजवळच्या कुंभारीच्या विडी घरकुलात, विडी कामगार बायकांच्या त्या दहा हजार घरांतलं एक आईच्या नावावर झालं. मी युनिफॉर्म शिवते, पीसवर पैसे मिळतात. इन्सुलिन पुरतं, साखर तपासायच्या स्ट्रिपा मात्र अजून मोजून वापरते. "इन्सुलिनची सवय लागते का हो?" असंही विचारतात. लागते की, भाकरीची लागते तेवढी.

बाटलीचं मी आईला कधीच सांगितलं नाही. आता सांगून तरी काय, असं दरवर्षी म्हणते. ती वाचत नाही, म्हणून इथं लिहितेय, हाही भित्रेपणाच. परवा बाजारातून दोन किलो कैऱ्या आणल्या. आईनं सगळ्यांचं लोणचं घातलं. धाकट्या भावाची पोरं पन्हं मागत होती. "त्यानं त्रास होतो," म्हणाली आणि आत गेली.