रेषाभरही नाही

पेणला आमचा गणपतीचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, पण इथे शब्द तोच. डोळ्यांची आखणी माझ्याकडे. श्वास रोखायचा आणि ब्रश एकदाच फिरवायचा. रेष केसभर हलली तरी देव रागावलेला दिसतो.

एका रात्री आखणी चालू असताना मुलगी म्हणाली, "बाबा, त्याने आईचंच ऐकलं ना? मग डोकं त्याचं का उडवलं?"

शंकराला माहीत नव्हतं, हे नेहमीचं उत्तर मी दिलं. तिला पटलं नाही. खरं तर मलाही कधी पटलेलं नाही.

शिवपुराणात गोष्ट जरा वेगळीकडून सुरू होते. दारावर नंदी होता, पण तो पडला शंकराचा माणूस, मालक आला की बाजूला होणारा. म्हणून पार्वतीला आपला असा कुणी हवा होता, आपल्या आज्ञेबाहेर रेषाभरही न जाणारा. अंगाच्या मळाचा मुलगा केला, हातात काठी दिली. नंदीला निदान दोन धन्यांत निवड तरी करता येत होती. या पोराला तेवढीही सोय ठेवली नाही. देव समजवायला आले तरी ते हटलं नाही. तो हट्ट त्याचा म्हणायचा, की घडवणारीचा?

आमचं प्लास्टरही असंच आज्ञाधारक. वडील शाडू करायचे. शाडू लहरी, पावसाळी हवेत वाळता वाळत नाही, ऐन वेळी खांद्याला तडा. प्लास्टर साच्यात ओतलं, काथ्या घातला की बघता बघता घट्ट. वजनाला हलकं, टेम्पोत मुंबईपर्यंत शाबूत. म्हणून तर आम्ही ते घेतलं. आणि पाण्यातही ते सांगितल्यासारखंच वागतं, शाबूत राहतं. दोन वर्षांपूर्वी भोगावतीच्या काठी चिखलात एक चेहरा दिसला. उजव्या भुवईचं टोक मी सवयीने जरा वर नेतो. ते तसंच होतं. उचलावा की राहू द्यावा कळेना. तिथेच ठेवून आलो.

2025च्या जूनमध्ये उच्च न्यायालयाने प्लास्टरच्या मूर्ती करायला आणि विकायला मोकळीक दिली. नैसर्गिक पाण्यात विसर्जन मात्र परवानगीशिवाय नाही. कारखान्यात पेढे वाटले. मीही खाल्ला, खोटं कशाला बोलू. करणं आपलं, बुडवणं गिऱ्हाइकाचं, असं सगळे म्हणत होते. पण न विरघळणारं म्हणून ते निवडलं कुणी?

पार्वतीचं एक मला आवडतं. पोर गेल्यावर 'त्याने जरा समजून घ्यायला हवं होतं' असं ती म्हणाली नाही. सृष्टी बुडवायला निघाली आणि त्याला जिवंत करून घेऊनच थांबली.

यंदा साठ मूर्ती शाडूच्या केल्या. सात तडकल्या. गिऱ्हाईक फोनवर विचारतं, "टिकेल ना हो?"

"अनंत चतुर्दशीपर्यंत टिकेल," मी सांगतो. "पुढची हमी देत नाही."