न मागितलेली भरपाई

काल रात्री ‘डबल इन्डेम्निटी’ पाहिला. बिली वाइल्डरच्या या १९४४ सालच्या चित्रपटात विमा एजंट नेफ आणि फिलिस नावाची बाई मिळून तिच्या नवऱ्याचा काटा काढतात आणि तो आगगाडीतून पडून मेला असे भासवतात, कारण तशा अपघाताला पॉलिसीत दुप्पट रक्कम आहे. खुनाचे मला विशेष काही वाटले नाही. सतावतो आहे तो त्या नवऱ्याचा खुनाआधीच मोडलेला पाय.

दावे तपासणारा कीज रात्री नेफच्या घरी येऊन विचारतो, की अपघात विमा असलेल्या माणसाचा पाय मोडला, तर त्याने भरपाई का मागितली नाही? आपला विमा आहे हे त्याला ठाऊकच नसेल का? शंका रास्त आहे आणि खरीही आहे, तरी मला कीजचा राग आला. बाबांनी तरी यंदा पीकविम्याची भरपाई कुठे मागितली? वावरात पाणी साचून सोयाबीनच्या शेंगांना झाडावरच कोंब फुटले, ७२ तासांत कळवायचे असते हे त्यांना पाठ होते, मी मोबाइल घेऊन शेजारी बसलो होतो, आणि ते एवढेच म्हणाले, ‘कोन जाईन त्या झंझटीत!’ मागच्या खेपेला पाहणीला आलेल्या पोराने शेंग चोळत विचारले होते, की पाणी आपोआप साचले की धुरा (बांध) फोडून आणले. त्यावर बाबा काय बोलले, ते असो.

म्हणजे मागितले तरी संशय, आणि न मागितले तरी कीजच्या पोटात दुखणार. ज्याने आपला ट्रक स्वतःच पेटवला, त्या माणसाला कीज सुरुवातीलाच खुर्चीत बसवून बोलता करतो आणि सही घेऊन वाटेला लावतो. पायाची शंका मात्र तो त्या रात्री स्वतःच झटकतो, कारण पॉलिसी नेफने स्वतः नवऱ्याला नेऊन दिली असे तो धरून चालतो आणि नेफवर त्याचा जीव आहे. आमच्यावर कोणाचा जीव असणार?

सकाळी वाटले, मी फार ताणतो आहे. कीजची बदली यवतमाळला झाली असती, तर न मागणाऱ्यांची नावे पाहूनच त्याचे पित्त खवळले असते आणि गुन्हा एकही सापडला नसता.

जेवताना बाबांना गोष्ट सांगितली. त्या बाईला शेवटी पैसे मिळाले का, एवढेच त्यांनी विचारले. नाही म्हटल्यावर भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, ‘मंग हप्ता गेलाच म्हना.’